कूळवाले गुरुजी

इंग्रजी शब्द दिसला की गुरुजी आधी त्याचं कूळ विचारायचे, अर्थ नंतर. "आधी सांग, हा कुणाच्या घरचा?" असं म्हणून खडू आपटायचे. आमच्या भालकीत सोयरीक जुळवताना कूळ, मूळ गाव, मामाचं घर विचारतात ना, अगदी तसं. म्हणून गाव त्यांना कूळवाले गुरुजी म्हणायचं.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, शाळेतली उर्दू गेली आणि इंग्रजी शिकवायला हे तरणे गुरुजी आले. आमच्या दुकानामागची खोली त्यांनी भाड्यानं घेतली. माझं शिक्षण उर्दू चौथी, तेही अर्धं. पण त्यांची शिकवणी आमच्याच ओसरीवर भरायची, म्हणून तराजू धरून मीही ऐकायचो. पोर्ट हा लॅटिनमधला आजा, धंदा ओझं वाहायचा. त्याची लेकरं पोर्टर, इम्पोर्ट, एक्सपोर्ट, ट्रान्सपोर्ट. मी विचारलं, मग रिपोर्ट? तो तर नुसता कागद. गुरुजी म्हणाले, "अण्णा, तो बातमी वाहून आणतो. हमालच हाय, फक्त टोपी घालतो." मॅनेजर हा शब्द लॅटिनमधल्या हाताच्या घरचा, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा मी म्हणालो की एकाही मॅनेजरला हात हलवताना मी बघितलं नाही. "घराणं चांगलं असलं म्हणून सगळी लेकरं कामाची निघत न्हाईत," हे त्यांचं उत्तर.

सकाळचा चहा ते आमच्याकडं घ्यायचे. माझ्या बायकोला अक्का म्हणायचे. ती गेल्या आषाढात गेली, नाहीतर हे तिनंच नीट सांगितलं असतं. हा माणूस तिला इतका पटला की धाकट्या बहिणीसाठी तिनं त्यांचं नाव काढलं. गुरुजी लाजले, पण नवा सदरा शिवून घेतला. मला हळूच म्हणाले, "मला कुणीच न्हाई अण्णा. तुमी सोयरे झालाव तर मला घर मिळंल." गळ्यात आमच्यासारखंच लिंग, हाताला नोकरी. आम्ही पुढं काही विचारलंच नव्हतं.

माझी सासुरवाडी चिटगुप्प्याची. माणसामाणसात भेद नाही, हे सासरे रोज पूजा झाली की मोठ्यानं म्हणायचे. गुरुजींना घेऊन गेलो, बसलो, चहा झाला. मग सासऱ्यांनी कूळ विचारलं. गुरुजींनी सरळ सांगितलं, "ठाऊक न्हाई. आळंदकडच्या एका मठात वाढलो. बापाचं नाव कुणी सांगितलं न्हाई."

सासऱ्यांनी तंबाखू मळायला घेतली. आम्ही उठलो. चपला पायात घालतोय तोवर सासूनं तांब्या आणला आणि गुरुजी बसले होते तेवढ्याच फरशीवर पाणी ओतलं. गुरुजींनी ते बघितलं. मी त्या घरचा जावई. आज हे सांगतानाही कान तापतात.

बसमध्ये मी वर बघेना. त्यांनीच समजूत काढली. "तुमी कामून मान खाली घातलाव? पाणीच टाकलं, दगड न्हाई."

दुसऱ्या दिवशी शिकवणीत एका पोरानं नव्या शब्दाचं कूळ विचारलं. गुरुजी म्हणाले, असू दे, अर्थ लिहून घे. त्यानंतर त्यांनी कुठल्याच शब्दाचं कूळ काढलं नाही. चहाला येत राहिले. पण चहा झाला की उठायचे, तांब्या उचलायचे आणि आपण बसलेल्या फरशीवर आपल्याच हातानं पाणी ओतायचे. बायकोनं पाया पडून सांगितलं, तरी ऐकलं नाही. रागानं करत नव्हते, हेच वाईट. आपल्यामुळं कुणाची अडचण नको, एवढंच त्यांच्या तोंडावर असायचं.

छप्पन साली भालकी म्हैसूर राज्यात गेली आणि गुरुजींनी मराठी मुलखात, उदगीरला जायचं ठरवलं. निघायच्या सकाळी चहा झाला, उठले, हात तांब्याकडं गेला. बायकोनं तो आधीच उचलून पोटाशी धरला. "न्हाई गुरुजी," एवढंच म्हणाली. ते ट्रंक उचलून बसकडं गेले.

बायको तिथंच त्यांच्या जागेवर मांडी घालून बसली, भर ओसरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. दुपारपर्यंत उठली नाही. तिच्या शेजारी जाऊन बसावं असं मला फार वाटलं. पण गिऱ्हाईक बघत होतं. मी तराजू धरून उभाच राहिलो.