निकाल बघायला रांजणगावला

मेणबत्तीचा वास आला की वडगाव रासाईतली ती संध्याकाळ आठवते. टीव्हीवर देशोदेशीच्या मुलांची गाण्याची स्पर्धा रंगलेली, धाकट्या बहिणीची लाडकी, दात पडलेली परदेशी पोरगी शेवटच्या दोघींत, आणि नेमकी लाईट गेली. "कोण जिंकलं कळल्याबिगर मी जेवणार न्हाई!" बहिणीनं जाहीर केलं. "रांजणगावात कंपन्या हायेत, तिथली लाईट जात न्हाई," म्हणत मामांनी स्कूटर काढली, आणि मी स्पर्धेतला तज्ज्ञ म्हणून मागं बसलो. तिथल्या हॉटेलात पोचलो, तर टीव्हीवर दोन्ही पोरी गळ्यात गळा घालून रडत होत्या, आणि भाषा तर काही कळेना. "रडती ती हरली आसंल," मी म्हणालो. "आरं, दोघीबी रडत्यात की!" मामा म्हणाले. घरी येऊन मात्र त्यांनी बेधडक सांगितलं, "तुझीच जिंकली," आणि बहीण पोटभर जेवली. परवा भाचा बहिणीला दाखवायला तो निकाल मोबाईलवर शोधू लागला, तेव्हा उत्सुकता मलाच जास्त होती, तरी मी गुपचूप वायफाय बंद केलं.