मशीन दुकानात होतं, त्या आठ दिवसांत

पद्मा शिराळकर सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सव्वीस वर्षं ट्रंक ऑपरेटर होत्या, बाहेरगावचे कॉल जोडून देणाऱ्या. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, हातात पेन्सिल. प्रत्येक कॉलचं एक टिकीट असायचं. कुठून कुठे लागला, किती वाजता सुरू झाला, किती वाजता तुटला, सगळं त्यावर लिहायचं. एखादा व्यापारी दुसऱ्या दिवशी येऊन आपण बोललोच नाही म्हणाला, तर पद्माताई टिकीट काढून त्याच्यापुढे ठेवत. आवाज चढवायची वेळ त्यांच्यावर फारशी कधी आली नाही. पुढे घरोघरच्या फोनवरून थेट एसटीडी लागू लागला, ट्रंकचं काम आटलं आणि त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली.

घरात कॉम्प्युटर आला तो मुलीमुळे. श्रद्धा इंजिनिअरिंगला होती, शेवटच्या वर्षी तिने हट्टाने तो पुण्याहून आणवला. अठ्ठ्याण्णव सालच्या जूनमध्ये तिला बंगलोरला नोकरी लागली आणि मशीन विश्रामबागच्या घरात राहिलं. जाण्याआधी तिने आईला ई-मेल शिकवला. वडिलांनाही शिकवला असता, पण अण्णा भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले. ज्या कागदावर शिक्का नाही तो कागदच नव्हे, असं मानणारे. पद्माताई मात्र आठवड्यातून दोनदा मशीनपुढे बसत. मोडेमचा चिरका आवाज सुरू झाला की त्यांना आपल्या बोर्डाची आठवण येई.

जानेवारीत मशीनमधला पंखा घरघर करायला लागला. बाकी काही तक्रार नव्हती. कॉलेज कॉर्नरला वीरधवल नावाच्या तरुणाने नवीन दुकान टाकलं होतं. कडेगावकडचा, घरचा मोठा ऊस, बोलायला मिठ्ठास. अठरा तारखेला, सोमवारी, पद्माताईंनी रिक्षातून मशीन नेऊन दिलं. पंखा बदलायला एक तास पुरे, असं तोच म्हणाला होता. पुढच्या सोमवारी, पंचवीस तारखेला, चार हेलपाटे घातल्यावर ते परत मिळालं.

पंखा आता गप्प होता, पण मशीन बिघडून आलं होतं. बटण दाबल्यावर चहा करून यावं तरी पडद्यावर घड्याळाचं चित्र फिरतच असायचं. एक पत्र उघडलं की आतली डिस्क दळण दळल्यासारखी कुरकुरत बसे. आणि ब्राउझरला तर काय झालं होतं कळेना. तो उघडला की श्रद्धाने लावून दिलेलं मेलचं पान यायच्या ऐवजी कुठलं तरी परदेशी, भडक रंगांचं पान येई. ते बंद करावं तर दुसरी खिडकी उघडे, ती बंद करावी तर आणखी दोन. त्यांतल्या चित्रांकडे पद्माताईंनी एकदाच पाहिलं आणि थेट बटण दाबून मशीन बंद केलं.

त्यांनी दुकानात फोन केला. वीरधवल म्हणाला, मशीनचं वय झालं, तरी पाठवून द्या, बघतो. नेमकं त्याच वेळी कोरेगावला त्यांच्या बहिणीचं ऑपरेशन ठरलं आणि त्यांना चार दिवस तिकडे जावं लागलं. मशीन घेऊन अण्णा एकटेच दुकानात गेले.

पद्माताई परत आल्या त्या सोमवारी. घरात काहीतरी झालं होतं हे त्यांना चप्पल काढतानाच कळलं. अण्णा पेपर तोंडापुढे धरून बसले होते आणि कॉम्प्युटरवर चादर घातली होती. बहिणीची चौकशी त्यांनी केली, पण मान वर न करता. रात्रीच्या जेवणाला पद्माताईंनी विचारलं, काल रविवार होता, श्रद्धाचा फोन आला होता का. अण्णा म्हणाले, आला होता. पुढे काहीच नाही. असं तीन दिवस चाललं. गुरुवारी पद्माताईंनी ताट पुढ्यात ठेवायच्या आधीच विचारलं, नक्की झालंय काय.

मग अण्णांनी सांगितलं. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असताना वीरधवलने मशीन उघडून पाहिलं होतं आणि हसून म्हणाला होता, "काका, मशीनमध्ये लय घाण चित्रं हायत. त्यानंच व्हायरस शिरलाय. घरात तरणं कोण हाय?" अण्णांनी मान खाली घातली. गिऱ्हाइकांतल्या एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. अण्णा मशीन तसंच उचलून घरी आले. घरात तरणं असं कोणी नव्हतंच, दिवाळीच्या सुट्टीत येऊन गेलेली श्रद्धा सोडली तर. आणि रविवारी तिचा फोन आला तेव्हा अण्णांनी तिला सरळ विचारलं होतं, सुट्टीत मशीनवर काय बघत होतीस. मग तिने फोन ठेवून दिला.

पद्माताईंच्या हातातली आमटीची पळी तशीच राहिली. त्यांना राग आला, पण तो कोणावर आधी काढावा हेच कळेना. त्या दुकानदाराने भर दुकानात आपल्या घराची लाज काढली. आणि या माणसाने बावीस वर्षं वाढवलेल्या मुलीवर विश्वास ठेवायच्या ऐवजी कालपरवा दुकान टाकलेल्या माणसावर ठेवला.

"तुम्ही त्याला एक तरी प्रश्न विचारलात का?" त्या म्हणाल्या. "सातबाऱ्यावरची नोंद खोटी निघते, हे तुम्ही आयुष्यभर लोकांना सांगत आलात. मग हे कसं खरं मानलंत?"

अण्णा म्हणाले, त्याला त्यातलं कळतं, आपल्याला नाही. त्या रात्री पद्माताई जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा बँकेत गेल्यावर त्यांनी बंगलोरला श्रद्धाच्या ऑफिसात फोन लावला. मुलीचा आवाज कोरडा होता. पद्माताई म्हणाल्या, "मी तुला काही विचारायला फोन केलेला नाही. मला फक्त एवढं सांग, मशीनवर कुठलं पान किती वाजता उघडलं, हे कुठे लिहिलेलं असतं का?"

श्रद्धा म्हणाली, असतं. ब्राउझर पाहिलेल्या पानांच्या प्रती एका फोल्डरमध्ये साठवून ठेवतो आणि प्रत्येक प्रतीपुढे तारीख आणि वेळ असते. तो फोल्डर कसा उघडायचा, यादी तारखेप्रमाणे कशी लावायची, हे तिने एकेक पायरी सांगितलं. पद्माताईंनी ते टेलिफोनच्या वहीत उतरवून घेतलं. मग आणखी एक गोष्ट विचारली. मशीन सुरू करताना काळ्या पडद्यावर एक आकडा भरभर वाढत जातो. पूर्वी तो बत्तीस हजार सातशे अडुसष्टला थांबायचा. हल्ली सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशीलाच थांबतो. त्याचा अर्थ काय?

"आई, तुझ्या लक्षात कसा राहिला तो आकडा?" श्रद्धाने विचारलं.

आकडे लक्षात ठेवण्यावरच तर सव्वीस वर्षं पगार मिळाला होता. श्रद्धा म्हणाली, तो आकडा मेमरीचा. तो निम्मा झाला याचा अर्थ आतली पट्टी कोणीतरी काढून अर्ध्या ताकदीची बसवली. म्हणून मशीन रखडतंय. आता तिच्या आवाजातला कोरडेपणा गेला होता आणि त्या जागी संताप आला होता. तो ऐकून पद्माताईंना बरं वाटलं.

त्यांनी मशीनवरची चादर काढली. सगळ्यात आधी कोपऱ्यातलं घड्याळ आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, तारीखसुद्धा. दोन मिनिटांचा फरक होता. मग फोल्डर उघडला. यादी लांबलचक होती, मशीन अडखळत होतं, एकेक पान वर सरकायला वेळ लागत होता. दिवाळीच्या दिवसांत श्रद्धाने उघडलेली मेलची पानं होती, नोकरीच्या जाहिराती होत्या, रेल्वेचं वेळापत्रक होतं. तसलं एकही नाव नव्हतं. ती नावं सुरू होत होती वीस जानेवारीला संध्याकाळी सात वाजून अकरा मिनिटांनी. एकवीसला पुन्हा, सात ते नऊ. बावीसला पुन्हा. त्यानंतर मशीन घरी आल्यावरची, खिडक्या आपोआप उघडल्या त्या दिवसाची, तेवढीच.

वीस, एकवीस, बावीस. दुकानाची पावती त्यांनी डब्यातून काढली. आले अठरा, गेले पंचवीस. खाली वीरधवलची सही.

अण्णा बँकेतून आले तेव्हा पद्माताईंनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि पडदा दाखवला. अण्णांनी पावती हातात घेतली, चष्मा पुसला, तारखा पुन्हा पुन्हा वाचल्या. त्यांचा चेहरा उतरला. पद्माताईंनी त्यांना बोलू दिलं नाही. रिक्षा बोलवा, एवढंच म्हणाल्या.

दुकानात त्या वेळी पाच-सहा गिऱ्हाइकं होती. मशीन काउंटरवर ठेवून पद्माताईंनी ते सुरू करायला सांगितलं. वीरधवल म्हणाला, आत बसून बोलू. त्या म्हणाल्या, नाही, यांच्याशी तुम्ही इथे बोललात, मीही इथेच बोलणार. आकडा सोळा हजारांवर थांबला. त्यांनी पुण्याच्या दुकानाचं बिल पुढे ठेवलं, त्यावर मेमरी किती ते लिहिलेलं होतं. मग तारखांची यादी उघडली आणि शेजारी त्याची स्वतःची पावती ठेवली.

वीरधवलने आधी मशीनमधलं घड्याळ चुकतं म्हणून सांगितलं. पद्माताईंनी भिंतीवरच्या त्याच्याच घड्याळाकडे बोट केलं. मग तो म्हणाला, संध्याकाळी मित्र येऊन बसतात, त्यांतलं कोणीतरी असेल. आणि पट्टी? पट्टी घाईत अदलाबदल झाली असेल.

"आवं काकू, गैरसमज झाला. मी काय मुद्दाम न्हाई केलं," तो म्हणाला.

"गैरसमज नाही," पद्माताई म्हणाल्या. "तुम्हाला माहीत होतं ती चित्रं कोणी उघडली. तरी तुम्ही यांना विचारलंत, घरात तरणं कोण आहे. माझ्या मुलीचं नाव तुम्ही घेतलं नाहीत, पण बोट तिच्याकडेच केलंत. आता या सगळ्यांसमोर सांगा, ती कुठली, कोणाची होती."

वीरधवलचे कान लाल झाले. शेवटी तो अण्णांकडे बघून हळू आवाजात म्हणाला की ती दुकानातलीच होती. यांच्याकडे कशाला, माझ्याकडे बघून सांगा, असं पद्माताई म्हणाल्या. मग त्याने तेही केलं. पट्टी बदलून होईपर्यंत त्या काउंटरला हात टेकून उभ्या होत्या आणि आकडा बत्तीस हजारांवर जाईपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. ब्राउझरचं पान त्यांनी घरी येऊन स्वतःच बदललं.

वीरधवलचं दुकान पुढेही चाललं, त्याला काही झालं नाही. पद्माताईंना याची चीड वर्षानुवर्षं राहिली. ओळखीतलं कोणी मशीन दुरुस्तीला नेणार असलं की त्या आधी काळ्या पडद्यावरचा आकडा लिहून घ्यायला लावत आणि पावतीवर तारीख घालून घ्यायला सांगत. हळूहळू कॉलनीतल्या बायका दुकानात जाण्याआधी त्यांच्याकडेच येऊ लागल्या. कुठे डिस्क गच्च भरलेली असे, कुठे सुरू होतानाच दहा प्रोग्रॅम उघडत. त्या शांतपणे एकेक बघत.

घरातलं मात्र लवकर मिटलं नाही. श्रद्धाचे मेल येत, ते आईच्या नावाने. त्यात अण्णांचा उल्लेख नसे, आणि रविवारचा फोनही आई उचलेल अशाच वेळी येई. पद्माताईंनी तिला काही समजावलं नाही. अण्णांनी मुलीला विचारताना त्यांचा सल्ला घेतला नव्हता, मग आता त्यांनी मध्ये का पडावं?

एप्रिलमध्ये एका दुपारी अण्णा मशीनपुढे जाऊन बसले. त्यांनी चादर घडी करून बाजूला ठेवली आणि विचारलं, मराठी अक्षरं यात येतात का. पद्माताई म्हणाल्या, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहा, तिला कळतं.

"काय लिहू?"

"चुकलो, असं लिहा."

त्यांनी एका बोटाने अक्षरं शोधत अर्धा तास घालवला. पद्माताई शेजारच्या खुर्चीत भेंडी चिरत बसल्या होत्या, पण पडद्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पत्र पाठवायचं बटण कुठलं, हे विचारल्यावर तेवढं दाखवलं.

उत्तर दोन दिवसांनी आलं, दोन ओळींचं, अण्णांच्या नावाने. त्यात काय होतं ते अण्णांनी सांगितलं नाही आणि पद्माताईंनी विचारलं नाही. त्यानंतरच्या रविवारी मात्र फोन वाजला तेव्हा तो अण्णांनी उचलला आणि बराच वेळ ते फक्त ऐकत उभे होते.