तुसाची गादी

कोंबड्यांच्या अंथरुणाला माणसांच्या अंथरुणाहून अधिक मान देणारा गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा व्याही निघाला. चिखलीत चार मजले चढवून भाडेकरू ठेवणाऱ्या या माणसाने मागच्या अंगणातले खुराडे मात्र कुणाला मोडू दिले नाही. आत शिरण्यापूर्वी मला बजावीत, "इवाई, जोडं काढा. गादी हाय ती." गादी म्हणजे कोंबड्यांच्या पायांखाली अंथरलेले भाताचे तूस. ते मूठभर उचलून दाबायचे आणि मूठ उघडायची. सुटे झाले तर कोरडे, गोळा राहिला तर ओले. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की नातवाच्या बारशात भरल्या घरात त्यांनी पाळण्यातले दुपटे दाबून "वली हाय" असा निकाल दिला. तो बरोबर होता.

ही विद्या मूळची विहीणबाईंची. त्या उकिडव्या बसून हातांनीच तूस खालवर करीत, चारा टाकीत आणि बांगड्या वाजल्या की कोंबड्या धावत. त्या गेल्यावर व्याह्यांनी त्यांच्या जुन्या काचेच्या बांगड्या तूस ओढायच्या दाताळ्याच्या दांड्याला बांधल्या, विहीणबाईंनी अंथरलेले तूस तसेच ठेवले आणि त्यावर नवी पिल्ले वाढवायला घेतली. दाताळे वाजले की पिल्ले धावत, पण व्याह्यांकडे नव्हे. त्यांच्या डाव्या अंगाला, उकिडव्या बसलेल्या माणसाच्या उंचीवर नजर लावून थांबत. या पिल्लांनी विहीणबाईंना कधी पाहिले नव्हते.

"तुमच्याकडे पाहत नाहीत," मी म्हणालो.

"माझ्याकडं कशाला बघत्याल? मी काय चारा घालतो व्हय? मी नुस्तं दाताळं वडतो."

पिल्लांच्या तलंगा झाल्या आणि अंड्यावर येण्याच्या सुमारास आजारल्या. विष्ठेत रक्त दिसू लागले, दोन मेल्या. खुराड्यात डोळे झोंबत. डॉक्टरांनी जुने तूस काढायला सांगितले.

"तिच्या हातची गादी हाय," म्हणून व्याही बसून राहिले.

"मूठ दाबून पाहा," मी म्हणालो.

मूठ उघडली. गोळा राहिला. तो त्यांनी बराच वेळ तळहातावर धरला, मग सारी गादी स्वतः पोत्यांत भरली आणि खोकी बनवणाऱ्या शेजारच्या वर्कशॉपमधला लाकडाचा भुसा आणून पसरला. बांगड्या सोडून ठेवल्या.

तलंगा औषधाने सावरल्या. तुरे लाल झाले, अंडे मात्र येईना. "तिच्याबिगर न्हाई घालायच्या," व्याही म्हणत. एका दुपारी त्यांनी त्या बांगड्या माझ्या हाती दिल्या. "माझ्या लेकीला द्या. आता वाजवून काय करायचं."

मी त्या रुमालात घट्ट गुंडाळून खिशात ठेवल्या. आम्ही दोघे भुशाच्या कडेला बसलो होतो. तलंगांनी एकदम माना वर केल्या, धावत आल्या आणि व्याह्यांच्या डाव्या अंगाला ओळीने थांबल्या. एक तिथेच भुशात बसली. उठली तेव्हा खाली लहानसे अंडे होते, त्यावर रक्ताची एक रेघ.

व्याह्यांनी मान वळवली नाही. "इवाई, बांगड्या तुमी हलवल्या व्हय?"

"नाही."

ते उजवीकडे थोडे सरकले, कुणाला बसायला जागा द्यावी तसे. मीही सरकलो.