शिक्क्यासाठी थांबलेला हापूस

बायकोच्या हापूसच्या पेट्या आजच्या विमानाने दुबईला जायच्या होत्या, म्हणून आम्ही एजंटाच्या कचेरीत बसलो होतो. समोरच्या बाईंनी संगणकावरून आमचं बिल छापलं, त्यावर शिक्का मारला आणि शेजारच्या टेबलावर दिलं. तिथले गृहस्थ तेच बिल पुन्हा संगणकात टाइप करू लागले.

"अहो, इथून तिथे थेट जात नाही का?"

"दोन्हीकडची सिस्टिम वेगळी, काका. दुबईत तिसरी. तिथे आणखी कुणीतरी टाइप करेल!"

किलो इथेही किलोच आणि दुबईतही किलोच. मग पेटीची माहिती लिहायची एकच रीत सगळ्या देशांना का ठरवता येऊ नये?

बायकोने मांडीवरच्या नमुन्याच्या पेटीतला आंबा अंगठ्याने दाबून पाहिला.

"सकाळी कडक होता हो."

कचेरीभर वास सुटला होता.