माघारीचे तज्ज्ञ

नोएडाचे आमचे मुरलीधर देवस्थळी दर संक्रांतीला तिथल्या मराठी मंडळाच्या बसने पानिपतला येतात आणि मराठ्यांनी माघार नेमकी कधी घ्यायला हवी होती, ते काला अंब या युद्धस्मारकापाशी हात नाचवत सांगतात. क्रिकेटच्या सट्ट्यात पीएफ उडवून आणि मेव्हण्याकडून उसने घेतलेले पैसेही घालवून हा गृहस्थ यंदाही तोंड वर करून बोललाच!

"हार दिसत असताना लढत राहणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा," ते गरजले.

त्यांची बायको वीणा म्हणाली, "हेच उद्या डॉक्टरांना सांगा. तुमचा जुगार सोडवायला अपॉइंटमेंट घेतलीय."

"उद्या? अगं, उद्याच्या मॅचमध्ये सगळं वसूल करतो, मग परवा जाऊ!"