अ‍ॅल्युमिनियमचा साइड ड्रम

वाद्यांच्या दुकानात काचेआड अ‍ॅल्युमिनियमचा एक साइड ड्रम दिसला आणि माझं डोकंच फिरलं. ड्रम कोरा करकरीत, पण घडण जुनी. तीच राखाडी झाक, मधोमध उठवलेली तीच कड. "जुनं मॉडेल कंपनीनं परत काढलंय, साहेब. लोक तुटून पडतात," दुकानदार म्हणाला.

आता तुटून पडतात!

माझे बाबा लग्नाच्या बँडमध्ये असाच ड्रम वाजवायचे. वरातीच्या गदारोळातही त्याची खणखणीत कडकड वेगळी ऐकू यायची. आम्ही मुलं त्याला डबा म्हणायचो. मी नोकरीला लागलो, त्या वर्षी दसऱ्याच्या साफसफाईत पोचे आलेलं पातेलं द्यावं तसा मी तो भंगारवाल्याला देऊन टाकला. बाबांना विचारलंही नाही. वर ऐटीत म्हणालो, "नवा आणू, चांगला लाकडी." त्यांनी दोन शिव्या तरी घालायच्या होत्या!

दुकानदारानं ड्रम बाहेर काढला. मी टिचकी मारली. आवाज नकली निघाला असता तर किती बरं झालं असतं. पण तो अगदी तोच होता.

"देऊ का बांधून?"

"कुणासाठी?" मी त्या बिचाऱ्यावर खेकसलो आणि बाहेर पडलो.

खंडेनवमीला बँडवाले आपापली वाद्यं पुजतात. त्या वर्षी बाबांनी पाटावर नुसत्या दोन काठ्या ठेवल्या आणि त्यांनाच हळदकुंकू वाहिलं. मी शेजारी उभा राहून प्रसाद कधी मिळतो याची वाट पाहत होतो.