रहीम पेंटरचा हात

मुकुंदवाडीत रहीम शेख कुठं राहतात म्हणून विचाराल तर उन्हात हिंडत बसाल. रहीम पेंटर म्हणा, शेंबडं पोरगंही दारापर्यंत आणून सोडेल. या माणसानं उभा जन्म शहराच्या पाट्या रंगवल्या. किराणावाले, वकील, बँडवाले, पिठाच्या गिरण्या, सगळ्यांची नावं त्याच्या ब्रशातून उतरली. सुताची दोरी न मारता सरळ ओळ ओढायचा, आणि आपण ती ओढतो याचा त्याला भारी तोरा होता. फ्लेक्स आले, कामं आटली, तरी गडी कुरकुरला नाही. ज्याला रंगाची पाटी पाहिजे तो आपल्याकडंच येणार, असं म्हणून चहा मागवायचा.

त्याची एकुलती एक लेक युसरा दातांची डॉक्टर झाली. उस्मानपुऱ्यात दवाखान्याला गाळा मिळाला, तेव्हा रंग, खुर्ची, फरशी ठरायच्या आधी तिनं एकच गोष्ट ठरवली: पाटी अब्बूच्या हातची. जुम्म्याच्या दिवशी दवाखाना उघडायचा होता. रहीमभाईनं पत्रा कापून आणला, त्यावर पांढरा हात मारला, तो वाळवून भिंतीला टेकवला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला, अगदी दूधवाल्यालासुद्धा, तो कोरा पत्रा दाखवत सुटला.

आणि नेमका तेव्हाच लॅपटॉपनं घात केला.

लॅपटॉप युसराचाच, कॉलेजातला. बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळं वायर लावल्याशिवाय चालायचा नाही. पण रहीमभाईला तो एकाच कामाला लागायचा, साहेबरावाशी बुद्धिबळ खेळायला. साहेबराव म्हणजे त्याचा जुना शेजारी. वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झाला आणि पिशोरला आपल्या गावी जाऊन बसला. पूर्वी दोघं ओट्यावर पट मांडायचे, आता लॅपटॉपवर. फोन मात्र शेजारी चालू ठेवायचा, कारण एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय डाव रंगत नाही. नियम ओट्यावरचाच: सोंगटीला हात लावला की चाल झाली. माघार नाही.

उन्हाळा लागला आणि पडद्यावरचा बाण नाचायला लागला. रहीमभाई पॅडवर बोट ठेवून वजीर उचलायचा, बाण मधेच उसळी मारायचा, आणि वजीर नको त्या घरात, थेट साहेबरावाच्या प्याद्यापुढं जाऊन पडायचा. त्यानं पॅड कापडानं पुसलं. बोटं साबणानं धुतली, मग टर्पेंटाइननं धुतली. लॅपटॉप बंद करून चालू केला. सेटिंगमध्ये जाऊन बाणाचा वेग कमी केला, तर तो सावकाश नाचायला लागला. शेवटी लॅपटॉप पिशवीत घालून दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथं त्या पोरानं वायर लावली, बोट फिरवलं, बाण गरीब गायीसारखा चालला.

"काका, यात काही बिघाड नाही," तो म्हणाला. "एकदम ठणठणीत आहे."

ते ऐकून रहीमभाई थंडच पडला. लॅपटॉप चांगला, मग बिघडलंय काय? त्यानं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. त्याच्या उस्तादांचाही हात म्हातारपणी असाच गेला होता. शेवटी शेवटी त्यांना चहाचा कप धरवत नसे.

घरी येऊन त्यानं ब्रश हातात घेतला, जुन्या कागदावर रेघ ओढून पाहिली. मनात भीती बसली की हात कुठला थाऱ्यावर राहतो? रेघ थरथरली. त्यानं कागद चुरगाळला आणि कुणाला काही सांगितलं नाही. रोज साहेबरावाशी खेळत मात्र राहिला. ते व्यसन काही सुटत नाही.

एका संध्याकाळी त्याचा हत्ती असाच वाऱ्यावर गेला. एरवी साहेबराव हसून हसून खोकला असता. त्या दिवशी तो हळूच म्हणाला, "रहीमभाय, राहू दे. परत घे चाल. वय झालं आता आपलं."

साहेबरावाची शिवी परवडली असती, दया कशी परवडणार? रहीमभाईनं फोन कट केला. रात्री जेवताना खाली मान घालून लेकीला म्हणाला, "बेटा, पाटी फ्लेक्सची करून घे. तासाभरात मिळते."

युसरानं घास खाली ठेवला. "का, अब्बू?"

"आजकाल सगळे तेच लावतात."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ताट उचलून ती आत गेली, आणि भिंतीला टेकलेला पांढरा पत्रा त्या रात्री कुणीच पाहिला नाही.

आता इथं त्या घरातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, घरात आणखी दोघी असून कुणाला साधी गोष्ट कशी सुचली नाही. पेंटरच्या ब्रशाला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. ब्रश एका हाताला बसतो, दुसऱ्यानं धरला की त्याचे केस फिरतात, हे उस्तादांचं सांगणं. रहीमभाईनं ते ब्रशापुरतं ठेवलं असतं तर ठीक होतं. पण त्यानं तोच कायदा आपल्या पट्टीला लावला, कात्रीला लावला, आणि लॅपटॉप आला तेव्हा लॅपटॉपलाही लावला. लेकीचा लॅपटॉप, पण लेकसुद्धा शिवायची नाही. त्यामुळं बाण दुसऱ्या कुणाच्या बोटाखाली कसा चालतो, हे त्या घरात कुणी पाहिलंच नव्हतं. आहे की नाही कमाल!

त्याची बायको आबेदा शांत बाई. पण झाडताना तिला थरथरत्या रेघेचा तो चुरगाळलेला कागद सापडला होता, आणि लेकीचा उतरलेला चेहरा तिला सहन होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी ती लॅपटॉपसमोर येऊन बसली आणि सरळ पॅडवर बोट ठेवलं. रहीमभाई चहा ठेवून धावला.

"अगं, नक्को!"

बाण या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात उडाला. आबेदानं बोट उचललं, परत ठेवलं. परत उडाला. तिनं नवऱ्याकडं वळून विचारलं, "मेरा बी हात कांपरा क्या?"

रहीमभाई बघतच राहिला. मग त्यानं युसराला हाक मारली, तिलाही बोट ठेवायला लावलं. तिच्याही बोटाखाली बाण नाचला. मग त्यानं दोघींचे हात धरून नीट पाहिले, जणू हात पहिल्यांदाच पाहतोय.

"पण दुकानात तर नीट चालत होता," तो म्हणाला.

"घरी बी चालतो," आबेदा म्हणाली. "नळ येतो त्या दिवशी तुम्ही जिंकून हसत उठता. मी आंगण धुते ना, त्या दिवशी."

नळाचा आणि बुद्धिबळाचा काय संबंध, असं तो म्हणणार होता, पण जिंकलेले डाव त्यानं मनातल्या मनात मोजले. बायको खरं बोलत होती. त्यानं फोन उचलला आणि साहेबरावाला सगळं सांगितलं, हाताच्या भीतीसकट. मग पिशोरहून अशी शिवी आली की युसरानं दोन्ही कान झाकले.

"येड्या, मी जन्मभर वायरमनकी केली आन् तू मला सोडून दुकानात गेला व्हय? आंगणाच्या कोपऱ्यात अर्थिंगचा खड्डा हाय ना तुझ्या? मीच तर करून दिला. उन्हाळ्यात वाळला असंल. मग लॅपटॉपातला बारीक करंट जमिनीत जात नाय, तुमच्या बोटात फिरतो आन् बाण येडा होतो. नळ येतो, आंगण धुता, खड्डा भिजतो, बाण शहाणा होतो. जा, पाणी वत. मूठभर मीठ टाक."

नळाला अजून बरेच दिवस होते. पिंप तळाला गेलेलं. त्या घरात भाजी धुतलेलं पाणीसुद्धा झाडाला जायचं, हे रहीमभाईला माहीत होतं, म्हणून बादलीला हात लावायची त्याची छाती होईना. आबेदानंच बादली बुडवली. एक भरून खड्ड्यात ओतली. जमीन फसफसली, पाणी कुठं गेलं ते दिसेना. तिनं दुसरी भरली.

"अगं, आंघोळीचं काय?" तो म्हणाला.

"तुम्ही नका करू," ती म्हणाली आणि तीही ओतली.

आत येऊन रहीमभाईनं बोट ठेवलं. बाण सरकला, थांबला, सांगितलं तिथं गेला. त्यानं पडद्यावर एक सरळ रेघ चालवली, मग गोल फिरवलं. मग मोठ्यानं हसायला लागला, इतका की डोळ्यांत पाणी आलं आणि शेजारीण भिंतीवरून डोकावली. साहेबराव फोनवरून ओरडत होता, "मांड डाव, आता बघतो तुला." पण रहीमभाईनं लॅपटॉप तसाच सोडला. ब्रश घेतला, पत्रा आडवा टाकला, आणि दम रोखून पहिल्या अक्षराची शिरोरेषा ओढली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठं थरथर नाही. आनंदानं त्याचा जीव भरून आला, आणि तो बायकोला म्हणाला, "आबेदा, आहे गं हात. आहे अजून."

जुम्म्याला नमाजनंतर पाटी दवाखान्यावर चढली. निळी अक्षरं, लाल किनार, रस्त्याच्या पलीकडून वाचावी अशी. लोक मान वर करून पाहत होते. युसरा मात्र कोपऱ्या-कोपऱ्यात काहीतरी शोधत होती. बाप प्रत्येक पाटीच्या खाली उजवीकडं बारीक अक्षरांत आपलं नाव टाकायचा, तिला लहानपणापासून माहीत होतं.

"अब्बू, सही राहिली तुमची."

रहीमभाई शिडीवरून उतरत होता. "केली की," तो म्हणाला. "नीट वाच."

तिनं परत वर पाहिलं आणि यावेळी सावकाश वाचलं: डॉ. युसरा रहीम शेख.